परवडणारी घरे आणि बेघरांचा निवारा: पैसा नेमका कुठे अडतो?

गावकूस (धागाकर्ता)

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणाला मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. आधीचे धोरण २००७ चे होते. २०३० पर्यंत अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक आणि २० हजार कोटींचा महाआवास निधी असे नव्या धोरणात म्हटले आहे. केंद्राची पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ पासून चालू आहेच. पैसा येणार असे धरून चालू. तो कशावर खर्च केला तर माणूस खरोखर घरात राहायला जातो आणि कशावर केला तर रिकामी इमारत उभी राहते, यावर जाणकारांनी तपशिलात लिहावे म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरी घरांचा तुटवडा १.८८ कोटी सांगितला. त्यातली सुमारे १.५ कोटी कुटुंबे डोक्यावर छप्पर असलेली, पण एका खोलीत दोन-दोन जोडपी अशा दाटीत राहणारी होती. उघड्यावर झोपणारे यातला लहान भाग. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात २.११ लाख. दाटीतल्या कुटुंबाला मोठे घर हवे असते. फुटपाथवरच्या माणसाला आज रात्रीची जागा, मग कागदपत्रे, मग भाड्याची खोली, असा क्रम लागतो. दोन्हींना एकाच योजनेच्या एकाच रकान्यात बसवले की दुसरा माणूस यादीतून गळतो. आजवर नेमके हेच होत आले आहे.

माझे म्हणणे असे की निधीचा हिशेब 'घर बांधून झाले' इथे थांबतो. त्याच्या आधीची जमीन आणि नंतरची देखभाल, दोन्हींना धनी नाही. शिवाय हा हिशेब शहराशहरात तुटक होतो. तो सगळ्या प्रदेशाचा मिळून व्हायला हवा.

---

जोतेपातळी

चांगला विषय. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण लहान शहरांत आवास योजनेचा मोठा भाग तोच आहे.

केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख अनुदान. घर ३० ते ४५ चौरस मीटर चटईचे. ३० मीटर म्हणजे ३२३ चौ. फूट, भिंती धरून बांधकाम ३८० च्या आसपास. एवढ्या एकमजली पक्क्या स्लॅबच्या घराला साधारण १५० पोती सिमेंट, १२०० किलो लोखंड आणि सात ब्रास वाळू लागते. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचा राज्याचा निर्णय आहे, पण वाहतूक लाभार्थ्याने करायची. वाळूचा घाट लांब असेल तर ट्रॅक्टरच्या खेपांतच बचत संपते.

हप्ते जिओ टॅगिंगवर (ठिकाणाच्या नोंदीसह काढलेल्या फोटोंवर) सुटतात: जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची पट्टी), स्लॅब, पूर्ण. गोम अशी की पहिला हप्ता हाती येण्याआधी जोते स्वतःच्या पैशाने बांधावे लागते. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणायचे, कॉलमचे फुटिंग मोठे करायचे, भर घालून पाणी मारून ठोकायची. अंदाजपत्रकात जोत्याला धरलेली रक्कम इथे हमखास कमी पडते. कुटुंबाने जुने घर पाडलेले असते, भाड्याची खोली चालू असते. मार्चमध्ये पाडले आणि हप्ता जुलैत आला तर पावसाळाभर उघड्या सळया गंजत राहतात. पुढे त्याच सळयांवर कॉलम चढवतात. वायर ब्रशने घासून गंज काढायचा आणि सिमेंटचे पाणी लावायचे एवढेसुद्धा कुणी सांगत नाही.

म्हणून पाडायचा दिवस हप्त्याच्या तारखेवरून ठरवू नका. दसऱ्यानंतर पाडा, दिवाळीनंतर पाया, म्हणजे स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पडतो. आणि शक्य असेल तर जुन्या घराची मागची एक खोली शेवटपर्यंत उभी ठेवा.

कागदांचे दुखणे निराळे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आजोबांच्या नावावर असते, वारस नोंद झालेली नसते. अर्ज तिथेच परत येतो. अर्ज करण्यापूर्वी फेरफार करून घ्या. सहहिस्सेदार असतील तर त्यांचे संमतीपत्र जोडा. गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेला) प्लॉट असेल तर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे बांधकाम नियमित करण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने आली आहे. ते प्रमाणपत्र आधी हवे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे वेगळी मंजुरी लागत नाही. परवानाधारक अभियंत्याच्या नकाशासह सूचना द्यायची, शुल्क भरायचे, ती पावती म्हणजेच परवानगी. ही सोय डिसेंबर २०२० पासून आहे, तरी लोक मंजुरीची वाट बघत बसतात.

---

हिशेबनीस

जोतेपातळी यांच्या आकड्यांना पैशाची बाजू जोडतो.

बांधकाम सहा लाखांत झाले असे धरा. अनुदान अडीच, उरले साडेतीन लाख. बँकेचे गृहकर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी मिळाले तर हप्ता सुमारे ३,५५०. पण भाजीची गाडी, घरकाम, रिक्षा यांवर जगणाऱ्या घराला पगाराची चिठ्ठी नाही, विवरणपत्र नाही. बँक अर्ज घेत नाही. मग लहान गृहवित्त कंपनीकडे १३ टक्क्यांनी तेच कर्ज घेतले की हप्ता ४,४३० च्या घरात जातो. दरमहा पावणेनऊशे रुपये, तेही ज्याची मिळकत कमी त्याच्याकडून जास्त. अत्यल्प गटाची केंद्राची मर्यादा वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. ती वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात १२-१५ हजारांवर चालणारी घरे अनेक. त्यांना चार हजारांचा हप्ता पेलत नाही.

व्याज अनुदान इथे तारत नाही. आवास योजना २.० मध्ये २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. ज्याला कर्जच मिळत नाही त्याला व्याजाची सूट कशावर देणार? खरा उपयोग कर्जहमीचा आहे. अल्प उत्पन्न गटासाठीचा केंद्राचा कर्जहमी निधी १,००० कोटींवरून ३,००० कोटी केला आहे. महाआवास निधीतून प्रदेशपातळीवर याला जोड देता येईल: बुडीत कर्जाचा पहिला तोटा निधीने सोसायचा आणि त्या बदल्यात कर्ज देणाऱ्याने व्याजदर दीड-दोन टक्क्यांनी खाली आणायचा, असा करार. अनुदानात जाणारा रुपया एकदाच खर्च होतो. हमीत ठेवलेला रुपया, वसुली नीट राहिली तर, पुन्हा पुन्हा कामी येतो.

दुसरी गोष्ट, जोत्याच्या पैशाची. तिथे ६० ते ८० हजारांचे चार-सहा महिन्यांचे पूरक कर्ज हवे. बचत गटाच्या वस्तीस्तर संघामार्फत ते देता येते आणि पहिला हप्ता आला की परस्पर वळते करता येते. जिथे ही सोय नाही तिथे सावकाराचे महिना तीन टक्के लागतात आणि कुटुंब घर पूर्ण होण्याआधीच कर्जात जाते.

---

चटईक्षेत्र

स्वतःची जागा असलेल्यांचे झाले. मोठ्या शहरात जागाच नाही, तिथे काय?

तीन वाटा आहेत: म्हाडा-सिडकोसारख्या संस्थांनी बांधणे, झोपडपट्टी पुनर्वसन आणि खासगी प्रकल्पातला २० टक्के हिस्सा.

वीस टक्क्यांचा नियम २०१३ पासून आहे. तो मुळात दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आला: ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर मूळ चटईक्षेत्राच्या (भूखंडावर मुळात मिळणाऱ्या बांधकामाच्या) २० टक्के इतकी ३० ते ५० मीटरची घरे बांधायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. सरकारचा रोख पैसा न लागता शहराच्या मध्यभागी गरिबाला घर मिळवून देणारा हा नियम आहे. आणि त्यालाच सर्वांत जास्त भोके आहेत. मोठ्या भूखंडाची पोटविभागणी करून ३,९०० मीटरचे तुकडे पाडायचे. नाहीतर विक्रीच्या इमारतींना आधी भोगवटा दाखला (राहायला जाण्याची पालिकेची परवानगी) घ्यायचा आणि २० टक्क्यांची इमारत 'दुसरा टप्पा' म्हणून ठेवून द्यायची. नाशिकमध्ये २०२२ साली या घरांवरून विधिमंडळापर्यंत वाद गेला होता.

यावर उपाय मंजुरीच्या टेबलावरच करावा लागतो. एक, मागच्या काही वर्षांत एकाच मालकाकडून फुटलेले लगतचे तुकडे क्षेत्र मोजताना एकच धरायचे. दोन, विक्रीच्या शेवटच्या ठरावीक भागाचा भोगवटा दाखला गरिबांच्या घरांच्या दाखल्याशी बांधायचा. तीन, मंजुरीच्या दिवशीच त्या घरांची यादी म्हाडाकडे आणि संकेतस्थळावर. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तिच्यामुळे नागरिकांना प्रश्न विचारता येतो.

आता प्रदेशाचा मुद्दा. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. रोजगार आणि अधिमूल्याचा (जादा बांधकामासाठी विकासक भरतो त्या शुल्काचा) पैसा एका टोकाला, स्वस्त जमीन दुसऱ्या टोकाला. अधिमूल्य ज्या पालिकेत भरले तिथेच किंवा राज्याच्या तिजोरीत जाते. घरे मात्र विरार, शिरढोण, खोणी, तळोजा इथे. विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरे वर्षानुवर्षे विकली गेली नाहीत. पाणी नव्हते, किंमत आसपासच्या खासगी घरांच्या जवळ जात होती. सोडत सोडून 'येईल त्याला प्रथम' करावे लागले. इमारत उत्तम, तरी माणूस आला नाही.

प्रदेशाचा एकच निधी असता तर अधिमूल्याचा ठरावीक वाटा थेट त्या वसाहतीच्या जलवाहिनीला, बससेवेला आणि शाळेला देता आला असता. घराच्या अंदाजपत्रकात भूखंडाच्या आतल्या नळाचा खर्च असतो. बाहेरची वाहिनी कुणी टाकायची हे म्हाडा, स्थानिक पालिका आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) यांच्या पत्रव्यवहारात अडकते.

---

पाणंद

चटईक्षेत्र, लांब नेलेली वसाहत नेहमीच फसते असे नाही. सोलापूरजवळ कुंभारीची रे नगर वसाहत घ्या. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरे, आवास योजनेच्या भागीदारी घटकातून (सरकार आणि संस्था मिळून घरे बांधतात तो भाग). जानेवारी २०१९ मध्ये भूमिपूजन, जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांचा ताबा. त्याआधी त्याच परिसरात गोदावरी परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झालेली होती.

तिथे जमण्याची कारणे बघण्यासारखी आहेत. विडी वळणे हे घरी बसून करायचे काम. पान-तंबाखू आणायचा आणि वळलेल्या विड्या पोचवायच्या एवढाच प्रवास. म्हणजे घर हलले तरी काम बुडत नाही. लाभार्थी आधीपासून संघटित होते. यादी, वर्गणी, कर्जाचे कागद संघटनेने वर्षानुवर्षे सांभाळले. जमीन सुरुवातीलाच एकत्र घेतली. तरीही बाहेरचे पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते यांसाठी वेगळा पाठपुरावा करावा लागलाच.

हीच योजना घरकाम करणाऱ्या बायकांसाठी शहराबाहेर वीस किलोमीटरवर नेली तर चालणार नाही. सकाळी सात वाजता पहिल्या घरी भांड्यांना पोचायचे असते. ठिकाण ठरवण्याआधी लाभार्थ्यांच्या यादीत कामाचे ठिकाण आणि कामाची वेळ हे दोन रकाने हवेत. प्रकल्प अहवालात लाभार्थ्याचे उत्पन्न असते, जात असते, आधार असतो. हे दोन नसतात.

---

रात्रपाळी

घरांवर भरपूर झाले. निवाऱ्यावर लिहितो, कारण तो विषय नेहमी शेवटच्या परिच्छेदात जातो.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या निवारा योजनेचे निकष: एक लाख लोकसंख्येमागे एक कायम, चोवीस तास चालणारा निवारा, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे, माणशी किमान ५० चौ. फूट. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १.२४ कोटी. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कधी पोचलो नाही. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० मध्ये निवाऱ्यांबाबत आदेश दिले, २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलास गंभीर यांची समिती नेमली, तरीही.

जागा नाही हे कारण सांगितले जाते. ते अर्धेच खरे. चालवण्याचा खर्च बघा. ५० जणांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख, पाच वर्षांसाठी, असा निकष होता. चोवीस तास म्हणजे तीन पाळ्या. सुट्टीचा बदली धरून चार काळजीवाहक. प्रत्येकी १५ हजार धरले तरी वर्षाला ७ लाख २० हजार. सफाई, वीज, पाणी, चादरी धुणे, ढेकणांची फवारणी अजून यायचीच आहे. मग संस्था काय करते? दोन माणसांवर बारा-बारा तास काढते. रात्री एकच माणूस असतो. भांडण झाले, कुणाला फिट आली की तो एकटा काही करू शकत नाही, म्हणून तो दारू प्यालेल्याला, आजाऱ्याला, वेडसर वाटणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. म्हणजे ज्याला गरज जास्त तो बाहेर. अनेकदा काळजीवाहकाला दोष दिला जातो. मुळात त्रुटी त्या सहा लाखांच्या आकड्यात आहे.

अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली. देखभालीचा पैसा आता पालिकेने स्वतःच्या अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष उघडून दाखवायला हवा. 'समाजकल्याण – इतर' मध्ये टाकला की मार्चअखेर तो दुसरीकडे वळतो.

ठिकाणाबद्दल: रेल्वे स्थानक, घाऊक बाजार, मजूर नाका यांपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत. मंडईत हमाली पहाटे तीनला सुरू होते. रात्री दहाला दार लावून सकाळी सहाला उघडणारा निवारा हमालाच्या उपयोगाचा नाही. दुसरे, कुटुंब. नवरा पुरुषांच्या दालनात, बायको-मुले दुसऱ्या इमारतीत, अशी विभागणी केली की कुटुंब उड्डाणपुलाखालीच राहते. कुटुंबासाठी दीडशे-दोनशे फुटांचे पडदी घातलेले खण हवेत आणि सामानाला कुलूप लागणारी पेटी. पेटी ही लहान गोष्ट नाही. सामान चोरीला जाईल म्हणून न येणारे खूप असतात. गाठोड्यात हत्यारे असतात, त्यावर दुसऱ्या दिवशीची मजुरी असते.

---

ओसरी

वाचते आहे, उत्तम माहिती. दोन प्रश्न. निवाऱ्यात राहणाऱ्याला पत्ता नसतो, मग रेशन, आधार, मतदार यादी कशी? आणि भिकारी म्हणून पकडतात ते कोणत्या कायद्याने?

---

रात्रपाळी

ओसरी, आधी मतदार यादी, कारण तिची वाट सर्वांत सोपी असूनही कुणाला माहीत नाही. नमुना ६ भरायचा, पत्त्याच्या जागी झोपण्याचे ठिकाण लिहायचे, उदाहरणार्थ 'अमुक पुलाखाली, तमुक खांबाजवळ'. निवासाचा कागद लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन माणूस खरोखर झोपतो का ते पाहतो, एकाहून जास्त वेळा. अडचण अशी की अधिकारी दिवसा येतो, माणूस कामावर असतो, 'आढळला नाही' असा शेरा पडतो. म्हणून अर्जावर सापडण्याची वेळ ठळक लिहा आणि निवाऱ्याचा किंवा संस्थेचा माणूस त्या रात्री सोबत ठेवा.

आधारसाठी ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. राजपत्रित अधिकारी, आमदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुख सही करू शकतात. फोटोवर अर्धी सही-शिक्का येईल असा लावा. कोरा फोटो लावलेला कागद केंद्रावर परत येतो. आधार झाले की बँक खाते, मग ई-श्रम (असंघटित कामगारांची नोंदणी), मग बांधकाम कामगार असेल तर त्यांच्या कल्याण मंडळाची नोंदणी. या क्रमाने गेले तर फेऱ्या वाचतात. गावाकडे रेशनकार्ड असेल तर नवे काढू नका. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे शहरातल्या दुकानात अंगठ्यावर धान्य मिळते. ज्यांचे बोटांचे ठसे झिजले आहेत, बिगारी आणि भांडी घासणाऱ्या बायकांचे हमखास, त्यांनी आधारमध्ये डोळ्यांचे ठसे अद्ययावत करून घ्यावेत.

कायदा म्हणजे १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. महाराष्ट्रात तो लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. उघड्यावर झोपणारा मजूर आणि भीक मागणारा यांतला फरक धाडीच्या वेळी पाळला जात नाही. जवळ निवाऱ्याचे ओळखपत्र असेल तर वाचण्याची शक्यता वाढते, एवढेच.

---

हिशेबनीस

भाड्याच्या घरांवर कुणी लिहिलेले दिसत नाही. निवारा आणि मालकीचे घर यांच्यामधली पायरीच आपल्याकडे नाही.

प्रयत्न झाला होता. २००८ मध्ये एमएमआरडीएची भाडेतत्त्वावरची योजना आली: १६० चौ. फुटांची घरे, खासगी विकासकाला चार चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या चौपट बांधकाम), बदल्यात भाड्याची घरे प्राधिकरणाला मोफत. भाड्याने मात्र ती फारशी दिलीच गेली नाहीत. भाडे कोण गोळा करणार, थकवले तर कोण काढणार, लिफ्ट बंद पडली तर कोण बघणार, यासाठी यंत्रणाच उभी केली नव्हती. शेवटी पनवेलजवळ कोन इथली घरे दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना मालकीने दिली. काही ठिकाणी प्रकल्पबाधित आणि धोकादायक इमारतींतले रहिवासी ठेवले. बांधण्यात योजना फसली नाही. ती फसली ती व्यवस्थापनात.

आवास २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे: एक, सरकारच्या रिकाम्या घरांचे भाड्याच्या घरांत रूपांतर, दोन, खासगी किंवा सार्वजनिक संस्थांनी नवे बांधणे. पहिल्याकडे बघा. विकली न गेलेली घरे प्रदेशात पडून आहेत. ती किंमत उतरवून विकण्याऐवजी त्यातली काही निधीने विकत घेऊन भाड्याने द्यावीत. भाडे उत्पन्नाच्या पंचवीस-तीस टक्क्यांपलीकडे नको. १२ हजार कमावणाऱ्याला ३ हजार. अशा इमारतीचा देखभाल खर्च महिना दीड-दोन हजार धरा. उरलेल्यातून दुरुस्ती निधी आणि रिकाम्या महिन्यांची तूट निघते. इमारतीची किंमत मात्र भाड्यातून कधीच निघणार नाही. ती निधीने सोडून द्यायची हे सुरुवातीलाच मान्य केले तरच भाडे परवडणारे राहते. परताव्याची अट घातली की तिसऱ्या वर्षी भाडे वाढते.

---

चटईक्षेत्र

देखभालीचा विषय निघाला म्हणून झोपडपट्टी पुनर्वसन इमारतींबद्दल. योजनेत सदनिका ३०० चौ. फुटांची, १ जानेवारी २००० पर्यंतच्या पात्र झोपडीधारकाला मोफत, २००० ते २०११ मधल्याला अडीच लाखांत. पण मुंबईत हेक्टरी किमान ६५० सदनिकांची अट आहे. परिणाम असा की इमारती दाट आणि उंच होतात. दोन इमारतींतल्या फटीत ऊन जात नाही. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. क्षयरोगाचा आणि या दाटीचा संबंध गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींत तपासला गेला आहे.

देखभालीसाठी विकासक सदनिकेमागे एकरकमी ठेव ठेवतो. आधी २० हजार होती, मग बराच काळ ४० हजार होती. ४० हजारांवर ७ टक्के व्याज म्हणजे वर्षाला २,८००, महिन्याला २३३ रुपये. बावीस मजल्यांची लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च सदनिकेमागे हजार रुपयांच्या पुढेच. चाळीत पाण्याचे शंभर-दीडशे भरणाऱ्या घराला हा फरक झेपत नाही. थकबाकी वाढते, लिफ्टची वार्षिक देखभाल बंद होते, म्हातारी माणसे अठराव्या मजल्यावर अडकून पडतात. मग घर विकून पुन्हा झोपडीत. लोक घरे विकतात म्हणून त्यांना बोल लावणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावे.

शक्य असेल तिथे जागच्या जागी सुधारणा बरी. पुण्यात येरवड्याला नागरी गरिबांच्या मूलभूत सेवांच्या योजनेत गल्ली तशीच ठेवून कच्ची घरे पाडून त्याच जागी २७० चौ. फुटांची पक्की बांधली. लाभार्थ्याचा वाटा दहा टक्के. लहान जागा असलेल्या शेजाऱ्यांनी मिळून वर-खाली घरे घेतली. लिफ्ट नाही, त्यामुळे मासिक खर्च नाही. मात्र घर पाडल्यापासून नवे होईपर्यंत राहायचे कुठे, हा प्रश्न तिथेही होताच, आणि त्यासाठी निधीत तरतूद नव्हती.

---

गावकूस

सर्वांचे आभार. एक राहिले: बेघरांची मोजणी. आकडाच नसेल तर प्रदेशाचा निधी कुणाच्या नावाने मागायचा? २०११ ची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. नवी करायची तर कशी करावी?

---

रात्रपाळी

एका रात्रीची मोजणी नेहमी कमी भरते, पण ती टाळता येत नाही. दोन रात्री केली तर तोच माणूस दोनदा येतो. म्हणून तयारी आधी करायची.

आठवडाभर आधी प्रभागाच्या नकाशावर झोपण्याची ठिकाणे खुणावून घ्यायची. चहावाले, रात्रीचे सफाई कामगार आणि गस्तीचे पोलीस यांना विचारले की बहुतेक ठिकाणे कळतात. फलाटांसाठी रेल्वे सुरक्षा दलाची लेखी परवानगी आधीच घ्यावी. ऐनवेळी ती मिळत नाही. मोजणी रात्री अकरा ते पहाटे चार, मुंबई महानगर प्रदेशातल्या सगळ्या नऊ पालिकांत एकाच रात्री, कारण दादरला मोजून झालेला माणूस शेवटच्या लोकलने कल्याणला जातो. तिघांची तुकडी, त्यात एक बाई हवीच. पुरुष आले की झोपलेल्या बायका उठून निघून जातात आणि मोजणीत येत नाहीत.

पहिल्या फेरीत कुणाला उठवू नका. फक्त डोकी, अंदाजे वय, एकटे की कुटुंब, उघड दिसणारे अपंगत्व. नाव-गावाची चौकशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिथल्याच ओळखीच्या माणसाला घेऊन. रात्री टॉर्च मारून आधार मागितला की धाड पडली अशी बातमी पसरते आणि पुढच्या चार ठिकाणी कुणी सापडत नाही.

मोजणी वर्षातून दोनदा हवी. एक दिवाळीनंतर, गावाकडून कामाला माणसे आलेली असतात तेव्हा; एक जुलैत, पावसाने पुलाखाली आणि जिन्यांत दाटी झालेली असते तेव्हा. परळच्या रुग्णालयांबाहेर झोपणारे रुग्ण आणि नातेवाईक वेगळ्या रकान्यात घ्यावेत. त्यांना कायमचा निवारा नको असतो; उपचार संपेपर्यंत रुग्णालयाजवळ स्वयंपाकाची सोय असलेली खोली हवी असते, आणि तिचा खर्च आरोग्याच्या लेखाशीर्षातून मागता येतो.